खानापूर ते झाग्रेब: परदेशी क्लबकडून खेळायला जाताना

क्रोएशियात झाग्रेबजवळच्या एका फुटबॉल क्लबकडून खेळून परत आल्यापासून खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज या भागातल्या खेळणाऱ्या मुलींचे आणि त्यांच्या घरच्यांचे फोन येतात. "ताई, ट्रायल कशी मिळाली?" हा पहिला प्रश्न ठरलेला. ट्रायलबद्दल पुढे सांगतेच. पण त्याआधी एक काम आजच करा. वयाच्या बाराव्या वर्षापासून ज्या ज्या हंगामात, ज्या ज्या क्लबकडून खेळलात, त्या प्रत्येकाची नोंद तुमच्या नावावर नीट आहे का, ते बघा. माझे सगळ्यात जास्त दिवस तिथेच गेले, आणि क्रोएशियाचा व्हिसा त्यापुढे सोपा वाटला.

मी स्ट्रायकर, म्हणजे गोल करायला पुढे खेळणारी. गाव खानापूर तालुक्यात, घरची भातशेती आणि थोडे काजू. शाळेत असताना बेळगाव जिल्ह्याकडून खेळले, मग मामाकडे राहून कोल्हापुरात, नंतर गोव्यात आणि शेवटी बंगळूरच्या एका क्लबकडून इंडियन वुमन्स लीग. आपल्याकडची पोरं अशीच वाढतात. निपाणीवरून गेलं की कोल्हापूर, चोर्ला घाट उतरला की गोवा, जिथे स्पर्धा तिथे आपण. फुटबॉलच्या दप्तरात मात्र ही तीन वेगळी राज्यं आहेत: कर्नाटकची राज्य संघटना, महाराष्ट्रासाठी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि गोवा फुटबॉल असोसिएशन. तीन ठिकाणी खेळलेल्या खेळाडूचे कागदही तीन ठिकाणी विखुरलेले असतात.

सुरुवात २०२३ च्या उन्हाळ्यात झाली. त्या वर्षीची लीग एप्रिल-मेमध्ये अहमदाबादला होती, सोळा संघ, आणि सामने ऑनलाइन दिसत होते. लीग संपल्यावर आमच्या सरांनी माझे तीन पूर्ण सामने बाहेरच्या क्लबांना पाठवायला निवडले. त्यातला एक आम्ही हरलेला होता, तोही मुद्दाम. स्ट्रायकरच्या पायात चेंडू नव्वद मिनिटांत फार थोडा वेळ असतो. बाकीचा वेळ ती काय करते, पास चुकला तर मान खाली घालते की लगेच उलटी धावते, हे बघणाऱ्याला बघायचं असतं. गोलांची तीन मिनिटांची फीत पाठवून उत्तराची वाट बघू नका. पूर्ण सामना पाठवा आणि सोबत कुठल्या मिनिटाला काय बघायचं ते लिहा.

जूनमध्ये एका माणसाचा फोन आला. युरोपात ट्रायल, राहण्याची सोय, दोन लाख आगाऊ. मी हुरळले होते. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "खेळायला तेनी बोलवायलेत न्हवं? मग पैसं आपण का द्यायचं?" तो विषय तिथेच संपला. ज्यांना असे फोन येतात त्यांनी एवढं लक्षात ठेवा: १ ऑक्टोबर २०२३ पासून फुटबॉल एजंटकडे फिफाचा परवाना असावाच लागतो, आणि परवानाधारकांची नावं फिफाच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येतात. खेळाडूशी केलेला प्रतिनिधित्वाचा करार दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असू शकत नाही. पुढे सरांच्या ओळखीतून ज्या एजंटांशी बोलणं झालं त्यांचं नाव मी आधी त्या यादीत शोधलं आणि मगच फोन उचलला. त्यांना त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं.

क्रोएशियाच कसं, असं पुष्कळ जण विचारतात. २०२२ मध्ये ज्योती चौहान आणि सौम्या गुगुलोथ या दोघी डिनामो झाग्रेबकडून खेळायला गेल्या होत्या. त्यामुळे तिकडच्या छोट्या क्लबांना भारतीय मुलीचं नाव अगदीच अनोळखी राहिलं नव्हतं, असं एजंट म्हणाले. त्याआधी २०२० मध्ये बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेल्या, २०२२ मध्ये मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलॉनकडून चॅम्पियन्स लीग खेळली. या बायकांनी दार ढकललं नसतं तर माझी फीत कोणी उघडून बघितली नसती, हे मी मनापासून मानते. झाग्रेबजवळच्या एका क्लबने ऑगस्टमध्ये कळवलं की हिवाळ्याच्या खिडकीत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत खेळाडूंच्या बदल्या करता येतात त्या मुदतीत, घ्यायचा विचार आहे. त्यांनी तीस मीटर धावण्याच्या वेळा मागितल्या, दम मोजणाऱ्या यो-यो टेस्टचा आकडा मागितला आणि गुडघ्याच्या जुन्या दुखापतींबद्दल सरळ विचारलं. आम्हीही सरळ सांगितलं.

पासपोर्टचा अर्ज मी जूनमध्येच बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात केला होता. फी १५०० रुपये, पोलीस पडताळणी, आणि महिन्याभरात पासपोर्ट घरी. दहावीचं प्रमाणपत्र जोडायला विसरू नका, त्याशिवाय पासपोर्टावर इमिग्रेशन तपासणीचा शेरा येतो. अडचण नावाची आली. माझा जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, आधार इंग्रजीत. दाखल्यात आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि आडनावाची स्पेलिंगं दोन. आपल्या भागात हे घराघरांत आहे. नोटरीकडे प्रतिज्ञापत्र करून घेतलं की ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत. या कामाला पैसे थोडे लागतात, पण ते पासपोर्टाच्या आधी केलं तर पुढचे सगळे कागद एका स्पेलिंगने निघतात.

सप्टेंबरमध्ये कराराचा मसुदा आला. दोन भाषांत, क्रोएशियन आणि इंग्रजी. महिना ६५० युरो हातात, दोघींत एक खोली, सरावाच्या दिवशी एक जेवण, जाण्या-येण्याचं तिकीट, मुदत फेब्रुवारी २०२४ ते जून २०२५. आकडा मुद्दाम लिहिते आहे. परदेशी करार म्हटलं की लोक कोटींची कल्पना करतात, आणि पोरगी तिकडे जाऊन पोटाला चिमटा काढत असते.

मसुद्यात एक कलम होतं: वैद्यकीय तपासणीत पास झाली आणि कामाचा परवाना मिळाला तरच करार लागू. ते वाचून मला काही वावगं वाटलं नाही. एजंटनी दाखवलं की फिफाच्या नियमांत हे चालत नाही. कराराची वैधता वैद्यकीय तपासणीवर किंवा परवान्यावर टांगून ठेवता येत नाही. जी तपासणी करायची ती क्लबने सहीआधी करायची. क्लबने तक्रार न करता कलम काढलं आणि बेळगावात ईसीजी, इको, रक्त आणि गुडघ्याचा एमआरआय करून पाठवायला सांगितलं. त्याचा खर्च त्यांनी नंतर दिला. सहीआधी आणखी दोन गोष्टी विचारा: दोन भाषांत फरक निघाला तर कुठली प्रत धरायची, आणि दुखापत झाली तर उपचार आणि पगार कोणाकडे. तोंडी उत्तर घेऊ नका, लिहून घ्या.

आता नोंदीचं प्रकरण. देश बदलून खेळायचं तर जुन्या देशाच्या महासंघाने इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट, सगळे म्हणतात ती आयटीसी, द्यावी लागते. हे काम फिफाच्या टीएमएस या प्रणालीवर चालतं. खेळाडू त्यात स्वतः काहीच करू शकत नाही, क्लब आणि महासंघच करतात. आयटीसीबरोबर जातो खेळाडूचा पासपोर्ट: बाराव्या वाढदिवसाच्या हंगामापासून आजवरच्या प्रत्येक क्लबची यादी, तारखांसकट. भारतात ही माहिती अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या नोंदणी प्रणालीतून निघते.

ऑक्टोबरमध्ये माझी नोंद उघडून बघितली तर मी दोन निघाले. एका स्पेलिंगने बेळगाव आणि बंगळूर, दुसऱ्या स्पेलिंगने गोवा. आणि कोल्हापूरचा एक हंगाम कुठेच नाही. त्या हंगामात मी शाहू स्टेडियमवर खेळले होते, घरी फोटो आहेत, पेपरात नाव आलंय. प्रणालीत मात्र तो हंगाम नव्हता. ज्या क्लबकडून खेळले त्यांनी माझा अर्ज भरून घेतला होता, पुढे चढवला नव्हता. वाईट हेतू त्यात कोणाचा नसतो. मुलींचा संघ स्पर्धेपुरता जमवायचा आणि स्पर्धा संपली की विसरायचं, अशी रीत पडली आहे. ती रीत मोडायला हवी, कारण तिचा भुर्दंड दहा वर्षांनी त्या मुलीला पडतो.

मग फेऱ्या. मामाने कोल्हापुरात क्लबच्या जुन्या सचिवांना गाठलं. ते भले माणूस. माळ्यावरून फाइल काढली, आत माझा तेरा-चौदाव्या वर्षीचा फोटो लावलेला अर्ज, शाळेच्या बोनाफाइडसकट. फोटोत माझ्या दोन वेण्या आणि लाल रिबिनी. त्या एका कागदावर क्लबचं पत्र मिळालं, त्यावर जिल्ह्याचं, मग राज्य संघटनेची ईमेल. दोन नोंदी एक करण्याची विनंती बंगळूरहून कर्नाटक संघटनेमार्फत गेली, सोबत तेच नोटरीचं प्रतिज्ञापत्र. नोव्हेंबर संपत आला तेव्हा नोंद सरळ झाली. त्या काळात रोज सकाळी मेल उघडताना पोटात गोळा यायचा. भाताची कापणी चालू होती, आई शेतातून यायची आणि विचारायची, "आलं काय ग?" नाही म्हणायचं जिवावर यायचं.

क्लबने मधेच विचारलं होतं, जुने क्लब प्रशिक्षणाची भरपाई मागतील का. महिला फुटबॉलला फिफाची ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन लागू नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला. मुलांनी मात्र हे बघून ठेवावं. त्यांच्यासाठी तेविसाव्या वाढदिवसाचं वर्ष संपेपर्यंत ती लागू असते, आणि नवा क्लब सर्वांत खालच्या, चौथ्या गटातला असेल तर सुटका होते. आणि ज्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली घाईला आल्यात त्यांच्यासाठी: अठराच्या आत आंतरराष्ट्रीय बदली होत नाही. अपवाद आहेत, जसं की आईवडील फुटबॉलशिवाय दुसऱ्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. आपल्याला ते लागू पडत नाहीत. तोवर खेळा आणि कागद जपा.

कामाच्या परवान्याचा अर्ज क्लबने तिकडे केला. त्यासाठी माझ्याकडून हवे होते पासपोर्टची प्रत, जन्मदाखला आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी. पीसीसीची फी ५०० रुपये, अर्ज पासपोर्टच्याच संकेतस्थळावर. जन्मदाखला आणि पीसीसी या दोन्ही मूळ कागदांवर अपॉस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का, लागतो. भारत २००५ पासून अपॉस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, म्हणून वकिलातीत वेगळं साक्षांकन लागत नाही. परराष्ट्र खात्याच्या बंगळूर शाखेत हे काम होतं, पण कागद थेट घेत नाहीत, नेमलेल्या एजन्सीमार्फत द्यावे लागतात. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री निघायचं, सकाळी उतरून काम करायचं आणि त्याच गाडीने परत. जन्मदाखला जुना हस्तलिखित असेल तर आधी नवा संगणकीय काढून घ्या. पीसीसी फार लवकर काढू नका. क्लबने सहा महिन्यांच्या आतला मागितला होता. क्रोएशियन भाषांतर तिथल्या अधिकृत दुभाष्याकडून क्लबनेच करून घेतलं.

परवान्यासाठीचं हे थांबणं सगळ्यात जड गेलं. क्लबला हवं असलं तरी देश नको म्हणू शकतो. २००९ मध्ये सुनील छेत्री यांना इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने घेतलं होतं आणि ब्रिटनने कामाचा परवाना नाकारला, कारण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या सत्तरमध्ये नव्हता. छेत्रींचं असं झालं तर आपण कोण, असं रात्री वाटायचं. कोल्हापूरच्या मैत्रिणी सात-सात जणींच्या सेव्हन-अ-साइड सामन्यांना बोलवत होत्या, पण करारात दुसरीकडे खेळायला मनाई. मी कापणी झालेल्या शेतात सकाळी स्प्रिंट मारायचे, संध्याकाळी शाळेच्या भिंतीवर चेंडू. भिंत पास चुकवत नाही, पण बचावही करत नाही. खेळ सुटू नये म्हणून सरांनी मला शाळेच्या मुलांबरोबर आठवड्यातून दोनदा उतरवलं.

परवाना डिसेंबरच्या शेवटी मंजूर झाला. त्यावर दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज बंगळूरच्या केंद्रात. पासपोर्ट तिथून दिल्लीच्या दूतावासात. जानेवारीत खिडकी उघडल्यावर क्रोएशियाच्या महासंघाने आयटीसी मागितली. तेव्हाच्या नियमाने सात दिवसांत उत्तर द्यायचं होतं, आणि नोंद सरळ असल्यामुळे ते मुदतीत गेलं. नोव्हेंबरच्या फेऱ्यांचं चीज त्या दिवशी झालं. माझ्या खिशातून तोवर पंचेचाळीस हजारांच्या आसपास गेले होते, प्रवास, तपासण्या, कागद आणि गरम कपडे धरून. तपासण्या आणि व्हिसाचे पैसे क्लबकडून परत मिळाले, बाकी घरचे.

फेब्रुवारीत निघाले. आज्जीने तिळाचे लाडू डब्यात भरून दिले होते. पोचल्यावर पहिले काही दिवस पुन्हा कागदच: पोलीस ठाण्यात पत्त्याची नोंद, बोटांचे ठसे, राहण्याचं कार्ड, आणि ओआयबी नावाचा अकरा आकडी क्रमांक, ज्याशिवाय बँकेत खातं उघडत नाही. क्लबची एक बाई सगळीकडे सोबत आली. पत्त्याच्या नोंदीला मुदत असते, ती पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

आणि मग फुटबॉल. आमच्या संघातल्या बहुतेक जणी दिवसा शिकायच्या किंवा नोकरी करायच्या, त्यामुळे सराव संध्याकाळी दिव्यांत, शून्याच्या आसपासच्या थंडीत. आपल्याकडच्या लाल मातीवर चेंडू उसळतो. लहानपणापासून माझं शरीर त्या उसळीची वाट बघायला शिकलेलं: चेंडू पडतो, वर येतो, तेव्हा मारायचा. ओल्या कृत्रिम गवतावर तो वर येतच नाही, घसरत पायाखालून जातो. पहिले काही आठवडे माझा उजवा पाय प्रत्येक वेळी उशिरा पोचत होता. सरावानंतर गोलरक्षक मुलगी थांबून मला खालचे, जोरकस पास द्यायची आणि मी एकच गोष्ट करायचे, टेकणारा पाय अर्धं पाऊल आधी टाकायचा. बूटही दोन प्रकारचे लागतात. कृत्रिम गवताला बारीक, पुष्कळ स्टडचे, आणि चिखलाच्या मैदानाला स्क्रूचे सहा स्टड. इथून एकच चांगली जोडी न्या, बाकी तिथे घ्या.

मार्चमध्ये एकही गोल नाही. स्ट्रायकरला बाकी काहीही विचारत नाहीत, गोल किती एवढंच. घरून फोन आला की मी हवामानाबद्दल बोलायचे. प्रशिक्षिकेने एका संध्याकाळी चित्रफीत थांबवून दाखवलं. क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर टाकलेला चेंडू, यायच्या क्षणी मी बचावपटूच्या समोर उभी होते, म्हणजे तिला चेंडू आणि मी एकाच नजरेत दिसत होतो. "तिच्या मागच्या खांद्याआड जा. तुला बघायला तिला मान वळवावी लागली की चेंडू तिच्या नजरेतून सुटतो. त्या क्षणी गोलच्या पुढच्या खांबाकडे काप, एकदम दिशा बदलून धाव." इतकी वर्षं खेळून हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे सांगत नाहीत, वेग आहे ना, धाव, म्हणतात. एप्रिलमध्ये बदली म्हणून उतरले असताना खालून आलेल्या क्रॉसवर तसंच कापलं आणि चेंडू नडगीला लागून आत गेला. सुरेख नव्हता. पण धाव बरोबर होती, आणि प्रशिक्षिकेने गोलापेक्षा त्या धावेबद्दल शाबासकी दिली.

त्यानंतर मी संघात टिकले. दुसऱ्या हंगामात बहुतेक सामने सुरुवातीपासून खेळले. गोल काही फार नव्हते, पण चेंडू गेला की पहिली अडवणूक माझी असायची, आणि त्यावरच माझी जागा होती. मैदानावरच्या हाका आधी शिकून घ्या: पाठीवर कोणी आलं की "लेजा", मोकळी असशील तर "सामा". बाकी भाषा हळूहळू येते.

दुसऱ्या हंगामात एकदा पगार लांबला. दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत द्यायची आणि तरी मिळाला नाही तर करार सोडता येतो, असा फिफाचा नियम आहे. मला तिथवर जावं लागलं नाही, महिन्याच्या आत पैसे आले. पण नियम माहीत होता म्हणून मी रडकुंडीला न येता ईमेल लिहू शकले. प्रत्येक पगाराची पावती आणि बँकेचा उतारा जपून ठेवा.

जून २०२५ मध्ये करार संपला. तिथेच राहायचा प्रस्ताव होता, पण त्याच पैशांत. आणि बंगळूरहून त्याहून बरा आला. परत भारतात खेळायलाही आयटीसी लागते, हे अनेकांना माहीत नसतं. या वेळी भारताने मागायची आणि क्रोएशियाने द्यायची. २०२५ पासून ही मुदत ७२ तासांवर आली आहे, आणि माझी त्यात आली. निघण्याआधी राहण्याचं कार्ड परत करा, वर्षाची कर भरल्याची कागदपत्रं क्लबकडून मागून घ्या, बँक खातं शेवटचा पगार जमा झाल्यावरच बंद करा. नव्या क्लबने सीआरएसमध्ये माझं नाव चढवलं तेव्हा मी स्वतः शेजारी बसून स्पेलिंग तपासलं, आणि त्या पानाची प्रत त्याच दिवशी मामाला पाठवली. त्याच्याकडे आता माझी फाइल आहे.